आठ आण्यांचं कुत्रं

१८३२ च्या उन्हाळ्यात मुंबईत कुत्रं मारणाऱ्याला आठ आणे मिळत होते. राज्य कंपनी सरकारचं होतं. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम तसा जुनाच. १८१३ पासून वर्षातून दोन वेळा, १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, शहरातली बेवारस कुत्री मारायची असा नियम होता. उन्हाचा कडाका वाढला की कुत्री पिसाळतात, अशी त्या काळच्या साहेबलोकांची समजूत होती. १८३२ साली मात्र दंडाधिकाऱ्यांनी उन्हाळ्यातली मुदत महिन्याने वाढवून १५ जूनपर्यंत नेली आणि प्रत्येक कुत्र्यामागे अर्धा रुपया लावला.

अर्धा रुपया ही गरिबाला तेव्हा लहान रक्कम नव्हती. पैसा नगावर मिळतो म्हटल्यावर कुत्रं बेवारस आहे की कुणाच्या ओट्यावर वाढलेलं, हे बघायला कोण थांबणार? कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टमधल्या, वाड्यांतून, अंगणांतून, अगदी दारातून कुत्री ओढून नेतात अशा तक्रारी सुरू झाल्या. त्या वेळच्या मुंबईत ‘पाळलेलं’ आणि ‘मोकाट’ यांच्यामध्ये एक तिसरा मोठा वर्ग होता, तो आजही आहे. गळ्यात पट्टा नाही, पण गल्ली ठरलेली. मालक कुणी नाही, पण खायला घालणारी चार घरं ठरलेली. सरकारी नियमाला हा वर्ग दिसतच नव्हता. पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांतले सगळे कज्जे या न दिसण्यातून निघाले, असं माझं मत आहे.

कोटात तेव्हा पारशांची दाट वस्ती होती. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान फार वरचं आहे. माणूस गेला की प्रेतावर कुत्र्याची नजर पाडायची, त्या विधीला सगदीद म्हणतात. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेलं, म्हणून ‘चार डोळ्यांचं’ मानलेलं कुत्रं त्यासाठी उत्तम. मेल्यानंतर आत्म्याला चिन्वत पूल ओलांडावा लागतो आणि त्या पुलावर कुत्री राखणीला असतात, अशी श्रद्धा. वेंदिदाद या धर्मग्रंथातला एक अख्खा अध्याय कुत्र्यांविषयी आहे. कुत्र्याला मारणं, उपाशी ठेवणं ही त्यात पापं सांगितली आहेत. जेवणाआधी कुत्र्यासाठी घास बाजूला काढण्याची चाल घरोघरी होती. अशा वस्तीत शिपाई काठ्या घेऊन शिरले.

६ जून १८३२, बुधवार. पारशांचा पवित्र दिवस. कुत्री मारत फिरणाऱ्या दोन शिपायांना सुमारे दोनशे पारशांच्या जमावाने गाठून बडवलं. त्या दिवशीचं प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं, तर इतिहासाने त्याची दखल घेतली नसती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोटातली दुकानं उघडलीच नाहीत. पारशांबरोबर जैन, हिंदू, इस्माइली व्यापारी असे सगळेच हरताळात उतरले. ज्यांच्या धर्मात सगदीद नाही, तेही उतरले. जैनांना जीवहत्या नको होती. इतरांच्या मनात काय होतं, हे कागदपत्रांतून सांगणं अवघड आहे. पण नामदेवांची गोष्ट ऐकत वाढलेल्या, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संताला पूजणाऱ्या समाजाला हे दृश्य बघवलं नसेल, हे समजायला कागद लागत नाहीत.

हरताळाचा खरा चटका बसला कुलाब्याला. तिथे गोऱ्या फौजेची छावणी होती आणि तिला शहराशी जोडणारा कुलाबा कॉजवे पुरा व्हायला अजून सहा वर्षं होती. शहरातून रोज जाणाऱ्या रसदीवरच छावणीचं पोट चालायचं. ती रसद अडवली गेली. कोर्टाच्या वाटेवर जमलेल्या लोकांनी साहेबांच्या गाड्यांवर घाण आणि मेलेले उंदीर फेकले; न्यायाधीशाची गाडीही सुटली नाही. दंगलीचा कायदा वाचून दाखवला गेला, फौज बोलावली, धरपकड झाली. संध्याकाळपर्यंत रस्ते मोकळे झाले.

इतिहासकार जेसी पॅल्सेटिया यांनी २००१ साली या दंगलीवर एक सविस्तर लेख लिहिला. त्यात त्यांचं लक्ष कुत्र्यांपेक्षा पारशी शेठ मंडळी आणि इंग्रज सरकार यांच्यातल्या नात्यावर अधिक आहे, आणि ते योग्यच आहे. दंगल केली ती सामान्य पारशांनी. मिटवली ती शेठियांनी. जमशेटजी जीजीभाई त्यांत पुढे होते. चीनच्या व्यापारात अमाप पैसा केलेला हा माणूस अजून ‘सर’ झालेला नव्हता. सरकारशी भांडण त्याला परवडणारं नव्हतं आणि समाजाकडे पाठ फिरवणंही शक्य नव्हतं. त्याने आणि इतर प्रतिष्ठितांनी सरकारकडे अर्ज केला: हिंसा झाली ती वाईट, पण लोकांच्या धर्मभावनेला धक्का बसला होता, पकडलेल्यांना दया दाखवावी आणि कुत्री न मारता शहराबाहेर न्यावीत. सरकारने ऐकलं. कुत्री मारण्याऐवजी बाहेर हलवण्याचं ठरलं.

एखाद्या हिंदुस्थानी शहराने सरकारला जनावरांची कत्तल थांबवायला लावली, असे इतके जुने प्रसंग फार सापडत नाहीत. या घटनेची आठवण मराठी वाचकांत इतकी पुसट कशी, याचं मला नवल वाटतं. १८५७ च्या पंचवीस वर्षं आधी, कुठल्याही राजकीय पक्षाचा जन्म व्हायच्या आधी, मुंबईने हरताळाचं हत्यार वापरून पाहिलं. आणि ते वापरलं मुक्या जनावरासाठी.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद, म्हणजे मुंबईचे प्रसिद्ध मोतीशा शेठ, यांनी पांजरापोळ काढला. एक पारशी, एक जैन. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा, म्हणजे एक प्रकारचा कर, बसवून त्याचा खर्च उचलला. भुलेश्वरच्या बाजूला आजही पांजरापोळ गल्ली आहे आणि आत गाई आहेत. सकाळी तिथे घास घालायला येणाऱ्यांची रांग लागते. पांजरापोळाच्या स्थापनेची जी हकिकत सांगितली जाते, तिच्यात मोकाट कुत्री आणि डुकरं मारण्याचा सरकारी हुकूम हेच मुख्य कारण आहे. म्हणजे ज्या संस्थेला आपण गोरक्षणाची समजतो, तिचा जन्म कुत्र्यांच्या निमित्ताने झालेला आहे.

पण पांजरापोळाने प्रश्न सुटला नाही, आणि सुटणारही नव्हता. आत घेतलेल्या जनावराला तिथे मरेपर्यंत खायला मिळे. बाहेर राहिलेल्या कुत्रीला मात्र वर्षातून दोनदा पिल्लं होतच राहिली. शहराबाहेर नेऊन सोडलेली कुत्री जगत असतील किंवा परतत असतील. मोकळ्या झालेल्या गल्लीत दुसरी येत असतील. १८३२ चा विजय श्रद्धेने मिळवलेला होता, तो टिकवायला लागणारं साधन तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. म्हणून कत्तल परत आली. दंगल झाली नाही, हरताळ झाला नाही. कायद्याच्या कलमांतून ती हळूहळू नेहमीची झाली. १८८८ च्या महापालिका कायद्याने मोकाट कुत्र्यांचा अधिकार पालिकेकडे दिला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचं ४४ वं कलम तर मोकाट कुत्र्यांच्या विल्हेवाटीसाठीच आहे.

त्याच काळात दयेच्या संस्थाही वाढत होत्या. १८७४ साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक मंडळी मुंबईत स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई जनावरांचा दवाखाना उभारला आणि त्याला लागून १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ट्रामचे घोडे, गाडीचे बैल, लंगडलेली गाय यांच्यासाठी शहराकडे आता डॉक्टर होते. गल्लीतल्या कुत्र्यासाठी गाडी आणि कोंडवाडा होता.

या सगळ्यामागे एक भीती होती आणि ती खरी होती. रेबीज एकदा अंगात उतरला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे आजही तितकंच खरं आहे. पाण्याचा पेला समोर आणला तरी घसा आवळून येणारा रोगी ज्याने एकदा पाहिला, त्याला कुत्र्यांविषयी दया शिकवायला जाऊ नये. पाश्चरने १८८५ साली लस दिली. हिंदुस्थानात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली आणि तिथे डेव्हिड सेम्पलने १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे जे आपल्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकलं, ती हीच लस. क्वचित कुणाला तिच्यामुळे लकवा होई. आपल्या देशात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. तोवर कुत्रं चावलेलं मूल घेऊन सरकारी दवाखान्यात चौदा दिवस खेटे घालणाऱ्या आईला ‘पालिकेने कुत्री मारू नयेत’ असं कोण सांगणार होतं?

हीच अडचण १९२६ साली गांधीजींच्या पुढ्यात आली. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारात जमलेली साठ कुत्री मारून टाकली. शहरातले जीवदयावाले खवळले आणि त्यांनी गांधीजींकडे दाद मागितली. सगळ्यांना वाटलं, अहिंसेचा हा पुजारी साराभाईंना खडसावील. गांधीजींनी उलट म्हटलं, दुसरं काय करणार होते ते? ‘यंग इंडिया’त ऑक्टोबरपासून त्यांनी यावर एकामागून एक लेख लिहिले. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात कुत्रं चावून आलेल्यांचे आकडे छापले: १९२५ मध्ये १,११७ आणि १९२६ मध्ये तोवर ९९०. संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला तरी त्यांनी मत सोडलं नाही.

या लेखांचा अर्धाच भाग लोक उचलतात. गांधीजी मारायला परवानगी देतात, एवढंच सांगितलं जातं. त्यांचं खरं म्हणणं पुढे होतं. रस्त्यावर उपाशी हिंडणारं कुत्रं हा समाजाच्या आळसाचा पुरावा आहे, त्याच्यापुढे तुकडा टाकून मिळवलेलं पुण्य खोटं आहे. कुत्रं ठेवायचं तर त्याची जबाबदारी घ्या, मोकाट गुरं आपण राहू देत नाही तशी मोकाट कुत्रीही राहू नयेत, आणि हे काम दयेच्या संस्थांनी अंगावर घ्यावं. कत्तलीबद्दल मी त्यांच्याशी सहमत नाही. जबाबदारीबद्दल मात्र त्यांनी जे मागितलं, ते द्यायला देशाला आणखी सत्तर वर्षं लागली.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राणिक्रूरतेविरुद्ध विधेयक मांडलं आणि त्यातून पुढे १९६० चा कायदा आला. त्या कायद्यातही मोकाट कुत्र्यांना मरणगृहात मारण्याची सूट कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे. मुंबईत विजेचा धक्का देऊन मारत. गाडी यायची, कुत्री जाळ्यात धरली जायची, कोंडवाड्यात जायची. कुणी मालक येऊन सोडवून नेलं नाही, तर थोड्या दिवसांत संपवली जायची. प्राणिमित्र संस्थांच्या सांगण्यानुसार हा आकडा वर्षाला पन्नास हजारांपर्यंत जात असे. दरवर्षी, पिढ्यान् पिढ्या. आणि कुत्री कमी होत नव्हती.

का होत नव्हती, याचं उत्तर अगदी सोपं आहे आणि ते कुणी विचारात घेत नव्हतं. कुत्री साधारण दोन महिने गाभण असते, वर्षातून दोनदा विते, एका वेळी चार-सहा पिल्लं देते. शहरात उकिरडा भरलेला आहे, म्हणजे अन्नाला तोटा नाही. एका गल्लीतली सहा कुत्री उचलली की तिथलं अन्न आणि जागा मोकळी होते. शेजारच्या गल्लीतली पोरसवदा कुत्री तिथे येतात आणि एरवी उपासमारीने गेली असती ती पिल्लंही जगतात. नव्या आलेल्यांची आपसात मारामारी होते, चावे वाढतात. शिवाय पकडणाऱ्याच्या हाती आधी कोण लागतं? माणसाळलेलं, जवळ येणारं कुत्रं. बुजरं, चावरं, लपणारं मागे राहतं आणि त्याचीच वीण वाढते.

हे गणित आधी मांडलं मद्रासमध्ये. ब्लू क्रॉस या प्राणिमित्र संस्थेचे डॉ. चिन्नी कृष्ण हे पेशाने अभियंते. त्यांनी मद्रास पालिकेचे जुने आकडे काढले. १८६० मध्ये पालिकेने काम सुरू केलं तेव्हा दिवसाला एक कुत्रंही मारलं जात नव्हतं. १९९५ पर्यंत हा आकडा दिवसाला १३५ पर्यंत गेला होता. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं मारूनही मारायची कुत्री वाढतच गेली! १९६४ सालीच ब्लू क्रॉसने सुचवलं होतं की कुत्री धरा, त्यांचं निर्बीजीकरण करा, लस टोचा आणि जिथून आणली तिथेच परत सोडा. पालिकेने हे मान्य करायला तीस वर्षं घेतली. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९० च्या आसपास जगभरचा अनुभव तपासून हाच निष्कर्ष काढला: कुत्री मारल्याने त्यांची संख्या किंवा रेबीजचा फैलाव लक्षणीय कमी झाल्याचा पुरावा कुठेच नाही, शहरातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर साखळी तुटते.

मुंबईत १९८५ साली ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था सुरू झाली. तिच्यासारख्या संस्थांनी पालिकेच्या दारात आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर बरीच वर्षं जोडे झिजवल्यावर १९९४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने महापालिकेने सरसकट कत्तल थांबवली आणि निर्बीजीकरणाचं काम संस्थांच्या हाती दिलं. योगायोग असा की त्याच साली एप्रिलमध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने तिथल्या प्राणिदया संस्थेच्या रिचर्ड ॲव्हान्झिनो यांच्या पुढाकाराने करार केला, की शहराच्या निवाऱ्यात आलेलं घर देण्याजोगं एकही कुत्रं-मांजर मारलं जाणार नाही. तिकडे प्रश्न निवाऱ्यांचा होता: पिंजऱ्यांत बसलेल्या जनावरांना घरं शोधायची. इकडे पिंजऱ्यात मावणार नाहीत एवढी कुत्री रस्त्यावर होती आणि त्यांना घरं कुठून देणार, माणसांनाच ती पुरत नव्हती. मुंबईचा निवारा म्हणजे तिच्या गल्ल्या. म्हणून इथे न मारण्याचा एकच मार्ग होता: कुत्र्याला त्याच्याच गल्लीत, पण वीण थांबवून आणि लस टोचून राहू द्यायचं.

हे काम कसं चालतं, ते पाहण्याजोगं आहे. पकडणारे पहाटे किंवा संध्याकाळी निघतात, कारण दुपारी कुत्री गाड्यांखाली आणि गटारांच्या कडेला गायब असतात. हातात जाळं. धरलेल्या प्रत्येक कुत्र्याची जागा नोंदवहीत चढते: कुठली गल्ली, कुठल्या इमारतीसमोर, रंग कोणता, नर की मादी. ही नोंद चुकली तर पुढचं सगळं फुकट, कारण परक्या गल्लीत सोडलेल्या कुत्र्याला तिथली टोळी फाडून खाते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री उपाशी ठेवतात. मादीचं गर्भाशय आणि बीजकोश काढावे लागतात, त्यामुळे तिला नरापेक्षा जास्त दिवस ठेवावं लागतं. टाका पिकला तर आणखी. बेशुद्धीत असतानाच कानाचा छोटा तुकडा कापतात, म्हणजे ते कुत्रं पुन्हा पकडलं जाणार नाही. रेबीजची लस टोचतात. मग गाडी नोंदवहीतल्या पत्त्यावर जाते आणि दार उघडतं. बहुतेक कुत्री उडी मारून थेट आपल्या पानाच्या टपरीकडे किंवा इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली जातात. इस्त्रीवाला त्याला नावाने हाक मारतो.

महालक्ष्मीला रेसकोर्सजवळ, डॉ. ई. मोझेस रोडवर, पालिकेचा कुत्र्यांचा कोंडवाडा आहे. त्याच आवारात आता शस्त्रक्रिया होतात. पालिकेची यंत्रणा तीच राहिली, गाडी आणि जाळंही तेच. बदलला तो हुकूम.

उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये या कामाची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २४ डिसेंबर २००१ रोजी केंद्राचे निर्बीजीकरणाचे नियम सगळ्या देशाला लागू झाले. या नियमांत मारणं पूर्णपणे बंद नव्हतं, हे सांगायला हवं. पिसाळलेल्या कुत्र्याला वेगळं ठेवून मरू द्यायचं. बरं न होणारं आजारपण किंवा जिवावरची जखम असेल तर पशुवैद्याने वेदनेशिवाय त्याला संपवायचं. याला मी कत्तल म्हणणार नाही.

न मारण्याचा हा हुकूम मधेच उलटण्याच्या बेतात आला होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला, त्यात स्टेशनाजवळ राहणारं एक भटकं कुत्रंही जखमी झालं. ते परळच्या त्याच पेटिट दवाखान्यात आणलं गेलं. तिथल्या लोकांनी त्याचं नाव शेरू ठेवलं आणि ते वाचलं. पुढच्याच महिन्यात, १९ डिसेंबरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला: महापालिका कायद्याखाली उपद्रवी कुत्री मारण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. ‘उपद्रवी’ ठरवायचं कसं? भुंकणं हाही उपद्रवच. पुन्हा १८८८ चं कलम पुढे आलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये या निकालाला स्थगिती दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की पालिकांनी १९६० चा कायदा आणि २००१ चे नियम पाळावेत. हा खटला २०२४ पर्यंत चालला.

या खटल्यात एक पक्षकार गोव्यातली संघटना होती. भटक्या कुत्र्यांना वैतागलेली माणसं होती ती. त्यांना कोण दोष देईल? गोव्यात तेव्हा दरवर्षी माणसं रेबीजने मरत होती. पण पुढे त्याच गोव्याने दुसरा रस्ता दाखवला. २०१४ पासून राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी गावोगाव, वाड्यावाड्यांत कुत्र्यांना लस टोचायला सुरुवात केली. जाळी घेतलेली पथकं, मोबाइलवर प्रत्येक कुत्र्याची नोंद, शाळांमधून मुलांना शिकवणं, आणि पिसाळल्याचा संशय आला की चोवीस तास चालणारा फोन. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. एकही निरोगी कुत्रं त्यासाठी मारावं लागलं नाही.

मुंबईचं काम इतकं नेटकं झालेलं नाही. जानेवारी २०१४ च्या गणनेत शहरात ९५,१७२ भटकी कुत्री निघाली; दहा वर्षांनंतरच्या पाहणीत आकडा नव्वद हजारांच्या आसपास आला. शहराचा कचरा आणि बांधकामं ज्या वेगाने वाढली, ते पाहता संख्या वाढली नाही हेही यश आहे, पण थोडं. निर्बीजीकरणाचे पैसे कधी वेळेवर मिळत नाहीत, कधी निविदा रखडते, आणि कुत्री निविदेसाठी थांबत नाहीत. एका वॉर्डात सत्तर टक्के माद्यांचं काम झालं आणि शेजारच्या वॉर्डात तीस टक्केच, तर दोन वर्षांत दोन्हीकडे तेवढीच पिल्लं दिसतात. चाव्यांचे बळी बहुतेक झोपडपट्टीतली मुलं असतात, आणि त्यांच्या आईबापांना कुत्र्यांवर प्रेम करा असं सांगण्याआधी त्यांच्या वस्तीतली कुत्री आधी धरून लस टोचली पाहिजे. हे मी प्राणिप्रेमी म्हणूनच लिहितो आहे. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांना तुच्छ लेखून ही चळवळ कुठेच जाणार नाही.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. अकरा दिवसांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री आपल्या जागी परत जातील, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी जाणार नाहीत. नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं, एसटी स्थानकं यांच्या आवारातली कुत्री मात्र हलवून परत न सोडण्याचा हुकूम आला. देशातल्या पालिकांकडे एवढे निवारे नाहीत आणि भिंत घालून कुत्र्यांना खायला घालण्याएवढा पैसाही नाही. पांजरापोळाने १८३४ मध्ये हेच करून पाहिलं होतं, तेही शहरातल्या सगळ्यात श्रीमंत व्यापाऱ्यांच्या पैशावर. शाळेच्या फाटकाशी कुत्रं नको, हे म्हणणं रास्त आहे. पण ते उचलल्यावर पंधरा दिवसांत तिथे येणारं दुसरं कुत्रं लस टोचलेलं असेल की नाही, हे त्या शाळेच्या आजूबाजूच्या दहा गल्ल्यांत किती काम झालंय त्यावर ठरेल. केंद्राने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं जाहीर केलं आहे. मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात कान कापलेल्या माद्या शंभरात किती, हा आकडा पालिकेने दर सहा महिन्यांनी जाहीर करावा, अशी मागणी आता कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनी आणि त्यांना घाबरणाऱ्यांनी एकत्र येऊन करायला हवी.